अक्काच्या प्लेयरवर चालेल अशी डिस्क

"मायनस होना की प्लस होना?"

नवी पेठेतल्या दुकानदारानं काउंटरवर दोन डिस्क ठेवल्या. दोन्ही गोल, दोन्ही चकचकीत. दोन्हींत माझा चेहरा दिसत होता आणि दोन्हींत तो सारखाच बावळट होता.

"दोघांत फरक काय?" मी विचारलं.

"इसपे डंडी है, इसपे फुली है."

"ते दिसतंय हो. प्लेयरवर कुठली चालते?"

"दोनों चलते. किसी के घर में ये नै चलती, किसी के घर में वो नै चलती. घर जा को लगा को देखो. पन वापस नक्को लाओ."

घरी जाऊन लावून बघायला माझी काही हरकत नव्हती. पण ज्या घरात ती चालायला हवी होती ते अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून होतं. तिथं माझी थोरली बहीण होती, तिचा जुना प्लेयर होता, आणि तिच्यासमोर डिस्क लावायची मला एकच संधी मिळणार होती.

आमच्या घरात मी तांत्रिक माणूस समजला जातो. मिक्सरच्या वायरला एकदा चिकटपट्टी लावली होती, त्या भांडवलावर. हँडीकॅमही त्यामुळंच माझ्या गळ्यात पडला, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात मी तो तीन तास धरून उभा होतो. त्यात निम्मा वेळ मांडवाचं छत आलं होतं. पण एके ठिकाणी, हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पंगत बसायच्या आधी, अप्पा आले होते. आमचे वडील. कॅमेऱ्याकडं बघून ते अक्काविषयी काहीतरी बोलले होते. बँडच्या गोंगाटात मला तेव्हा 'थोरली' एवढाच शब्द ऐकू आला होता. बाकी फक्त ओठ हललेले दिसले.

अक्का त्या लग्नाला आली नव्हती. तिच्या सासऱ्यांचं म्हणणं, आवतण द्यायला व्याह्यानं स्वतः उंबऱ्यावर यायला पाहिजे होतं, पोराला पाठवलं म्हणजे आम्हाला मोजलंच नाही. अप्पांचे गुडघे तेव्हा जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून चढत होते, म्हणून मी गेलो होतो. पण हे सासऱ्यांना पटलं नाही, आणि सासरे घरी बसले म्हणून अक्काही बसली. त्यानंतर अप्पा तिच्याशी फोनवर बोलले नाहीत. तसे ते फोनवर कुणाशीच बोलायचे नाहीत, रिसीव्हर सापासारखा लांब धरायचे. पण अक्काच्या मनात बसलं ते बसलं. काही महिन्यांनी अप्पा गेले. अक्का आली, एका कोपऱ्यात बसली, आणि कुणाला काही न विचारता परत गेली. मग तिचं येणं बंद झालं.

वर्ष होत आलं तेव्हा अव्वा, म्हणजे आमची आई, मला म्हणाली, "पुण्यस्मरणाला ती आली न्हाय, तर परत कधी यायची न्हाय बघ. मी ओळखते तिला. माझ्याच पोटची हाय."

म्हणून मी ती टेप शोधून काढली, कॅमेऱ्यात घातली, कानाला हेडफोन लावला आणि अप्पांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. लगेच अक्काला फोन केला. आणि तिथं माझ्यातला कथेकरी आडवा आला. अप्पा जे बोलले होते ते मला फारच साधं वाटलं. एवढ्यावर अक्का विरघळेल असं वाटेना. म्हणून मी म्हणालो, "अक्का, अप्पा म्हणाले, माझ्या थोरलीची फार आठवण येते. ती असती तर मांडव भरला असता."

पलीकडं बराच वेळ नुसती म्हैस ओरडत होती.

"तम्मा," अक्का म्हणाली. ती मला लहानपणापासून असंच हाक मारते. "अप्पांनी जन्मात कधी आठवण हा शब्द काढला न्हाय. ते टपालाच्या तिकिटावर लिहिल्यासारखं बोलायचे. हे तुझं हाय."

"अगं, टेपमध्ये आहे!"

"तू लहानपणापासून निरोपात साखर घालतोस. आजी गेली तेव्हा पण मला म्हणालास, तुझं नाव घेत गेली. आजीला शेवटी कुणाचंच नाव आठवत नव्हतं. मला तोंडानं सांगू नको. दाखव. अप्पांच्या तोंडून ऐकीन, मग यायचं का न्हाय ते सांगीन."

फोन बंद.

माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "खरं होतं तेच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?" ती म्हणाली. मी हेडफोनची वायर गुंडाळत बसलो.

त्यानंतरचं संकट कॅमेऱ्यानं आणलं. टेप कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून चालवायची. कॅमेरा मधूनच दळणाच्या गिरणीसारखा आवाज करत होता. चित्राचे चौकोन व्हायचे, पुन्हा जुळायचे. अप्पांचा भाग येईपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर होतो. ते आले, बोलले, पंगतीकडं वळले. नवरानवरी घास भरवायला लागली आणि कॅमेऱ्यातून करकर आली. झाकण उघडलं तर टेप चाकांना शेवयांसारखी गुंडाळली होती. मी हलक्या हातानं ओढली. ती तुटली.

अप्पांचा आवाज आता फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये होता. हा कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन-तीनदा नकार द्यायचा आणि मग उपकार केल्यासारखा सुरू व्हायचा. घरात अव्वा सारखी विचारायची, "झालं का? झालं का?" मी "होतंय" म्हणायचो आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायचो, बंद पडतोय का म्हणून.

डिस्क कुठली घ्यायची, हा प्रश्न तेव्हा जिवावर आला. मी चार लोकांना विचारलं, पाच उत्तरं मिळाली. ऑफिसातला एक म्हणाला, मायनस जुन्या प्लेयरना झेपते. दुसरा म्हणाला, प्लस नवी आहे, नवं ते चांगलं. तिसऱ्यानं पुसून परत वापरता येणारी सुचवली. पुसून? अप्पांना? मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. शेवटी अक्कालाच फोन लावला.

"अक्का, तुझ्या प्लेयरवर पुढं काय लिहिलंय बघ."

"धूळ हाय."

"पुसून बघ की."

"तुझ्यासाठी मी आता फडकं घेऊन बसू व्हय? थांब." आवाज लांब गेला, जवळ आला. "डी. व्ही. डी. मग व्ही. सी. डी. मग कसलं तरी चित्र हाय."

"मायनस किंवा प्लसची खूण?"

"एका बाजूला प्लस हाय आणि एका बाजूला मायनस हाय."

मी आनंदानं खुर्चीतून उठलो. "दोन्ही चालतात!"

"आवाज कमी-जास्त करायची बटणं हायत ती," अक्का म्हणाली.

शेवटी मी दोन्ही घेतल्या. एक मायनस, एक प्लस. आणि दोन रात्री बसून त्या सजवल्या. आता हे सांगताना कानशिलं तापतात, पण सांगतो. सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. पाकळ्यांतून "आमचा आनंदसोहळा" ही अक्षरं फिरत फिरत येत होती. मागं सनई होती. हळद, अक्षता, पंगत अशी प्रकरणं पाडली होती, आणि ज्यावर बटण दाबाल ते उघडत होतं. मांडवाचं छत मी काढून टाकलं होतं. मला वाटलं, अक्का हे बघूनच थक्क होईल.

बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "अक्कांना हे सगळं कशाला? अप्पांचा तेवढा तुकडा साध्या व्हीसीडीवर घाला की. व्हीसीडी कुठल्याही डबड्यावर चालते."

"व्हीसीडीचं चित्र कसलं येतं! अप्पांचं नाक दिसायचं नाही."

"नाक बघायला मागत नाहीत त्या."

वाद नको म्हणून जायच्या दिवशी सकाळी मी एक घाईघाईनं करून दिली. तिच्यात ना पाकळ्या, ना सनई. ती बायकोनं कागदाच्या पाकिटात घालून माझ्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत सरकवली. मायनस आणि प्लस दोघी आदल्या रात्रीपासून अव्वाच्या देवघरात ठेवल्या होत्या. "पहिल्यांदा तिच्या घरी चालल्यात, देवापुढं राहू दे," अव्वा म्हणाली होती. मी त्यांची पाकिटं तशीच उचलली आणि निघालो.

एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. वागदरीच्या आसपास एका बाईनं तिच्यावर भाजीची जुडी ठेवली तर मी असा ओरडलो की कंडक्टर मागं वळला. अक्काच्या उंबऱ्यावर पोचलो तेव्हा तिनं पाणी दिलं, पण चेहरा बंद. दाजी, म्हणजे तिचे मालक, शेतात होते. सासरे ओसरीवरच्या बाजेवर बसले होते. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "लाईट बारा वाजता जाती. काय दाखवायचं ते बिगीनं दाखवा. मग संध्याकाळपातूर येत न्हाय."

साडेअकरा वाजून गेले होते.

टीव्ही आतल्या खोलीत होता. वर फुलाफुलांचं कापड, खाली प्लेयर. मी मायनसचं पाकीट उघडलं. डिस्कच्या चकचकीत बाजूवर, बरोबर मध्यभागी, तीन बोटांनी ओढलेले विभूतीचे तीन जाड पट्टे होते. प्लसचं उघडलं. तिच्यावरही तेच. अव्वानं देवापुढं ठेवताना लावले होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, चकाकतं ते तोंड आणि तोंडालाच विभूती लावायची असते, पाठीला लावते व्हय कुणी?

माझा हात रुमालाकडं गेला.

"आं आं!" सासरे बाजेवरून उठून आत आले होते. "ईबुती पुसता? रुमालानं?"

"नाही, म्हणजे, त्याशिवाय ती चालायची नाही..."

"सोमवार हाय आज." त्यांनी मायनस माझ्या हातातून घेतली, ओल्या बोटानं विभूती उचलली आणि कपाळाला लावली. मग डिस्क अक्काकडं गेली. तिनं बोट फिरवलं, कपाळाला लावलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या तिच्या जावेकडं. मग माझ्याकडं. घरच्या विभूतीला नाही म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. चार माणसांनी चार बाजूंनी ते भस्म त्या नाजूक अंगावरून फिरवलं, आणि प्रत्येक बोटाबरोबर मला खर्र असा आवाज ऐकू येत होता. कदाचित तो माझ्या दातांचा असेल.

मायनस आत गेली. प्लेयर गुरगुरला. थांबला. पुन्हा गुरगुरला. पडदा निळा. मग एक पाकळी पडली. मग दुसरी. सनई सुरू झाली आणि माझी अक्षरं फिरत आली.

मी अक्काकडं पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले होते.

"हे तू केलंस?"

"हो. फक्त सुरुवात. पुढं..."

"हे फुलं-बिलं घालता येतं, तर आवाज पण घालता येत असंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन रात्री बसून मी तिला पटवणारा पुरावा केला नव्हता, तिचा संशय सजवून आणला होता. मी घाईनं पंगतीचं प्रकरण दाबलं. चित्र आलं, मांडवाचा खांब आला, कुणाचा तरी पदर आला आणि तिथंच गोठला. सनईचा एक सूर अडकून टक् टक् टक् वाजत राहिला. मग पडदा निळा.

तिच्यावरचीही विभूती तशीच उतरवून प्लस घातली. प्लेयरनं ती तोंडात घेतली, चाखली, आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं की आत डिस्कच नाही. तीन वेळा घातली. तीनदा तेच.

"बारा वाजत आले," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण दुःखही नव्हतं.

अक्का उठली. "ऱ्हाऊ दे, तम्मा. जेवून जा. अव्वाला सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं." पुण्यस्मरणाचा शब्द तिनं काढला नाही. दाराकडं निघाली ती निघालीच.

"अक्का, एक राहिलीय."

मी टॉवेलची घडी उलगडली. कागदाचं पाकीट निघालं. हिच्यावर विभूती नव्हती. ही सकाळी केली तोवर अव्वाची पूजा उरकली होती. अक्का दारातच थांबली, आत आली नाही, बाहेरही गेली नाही. प्लेयरनं व्हीसीडी आत घेतली. गुरगुर नाही, काही नाही. इतकी शांतता की मला वाटलं, संपलं.

आणि एकदम बँडचा गोंगाट फुटला.

चित्र माझ्याच भाषेत सांगायचं तर बिननाकाचं होतं. सगळं चौकोनाचौकोनांचं. पण फेटा अप्पांचा होता. खांद्यावरचा टॉवेल अप्पांचा होता. ते हातानं माशी हाकलल्यासारखं करत कॅमेऱ्याच्या आडवे आले, कारण मी त्यांच्या वाटेत उभा होतो. मला म्हणाले, "सरक की बाजूला." मग वाढप्याला हाक मारली, "ए, थांब. पंगतीला वाढायच्या आदी हितं ये. हुग्गी पयली थोरलीची काढ. डबा घे, मोठा. लोकांचं उष्टं-खरकटं व्हायच्या आदी काढ. उद्या सकाळच्या गाडीनं धाडायची." मग कॅमेऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं बघून, "तिचा सासरा बी खाईल. दोघांपुरती घे म्हणावं."

आणि वळून गेले. एवढंच. चित्रात पुन्हा मांडवाचं छत आलं.

मी प्लेयरकडं वाकलो, पुन्हा लावावं म्हणून, आणि पंखा मंद होत गेला. टीव्ही एका ठिपक्यात मिटला. बारा वाजले होते.

अंधार नव्हता, खिडकी उघडी होती. सासरे बाजूच्या पोत्यावर बसले. कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती, ती त्यांनी पुसली नाही.

"तो डबा," अक्का म्हणाली. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "एसटीच्या ड्रायवरनं आणून दिला. मला वाटलं, लग्नात उरलेलं धाडलंय. आली न्हाईस ना, घे उरलेलं, खा. असं वाटलं मला. झाकण पण उघडलं न्हाय नीट." ती थांबली. "म्हशीला घातला मी तो."

"म्या बी तेच म्हणालो होतो," सासरे जमिनीकडं बघत म्हणाले. "उरलेलं धाडलं म्हणून. म्याच म्हणालो पयल्यांदा." थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "दोघांपुरती म्हणाला व्हय व्याही?"

"दोघांपुरती," मी म्हणालो.

अक्का माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडाला लावला, रडली, पण फार नाही. आमच्या घरात रडणंसुद्धा टपालाच्या तिकिटावर मावेल एवढंच असतं. मग नाक पुसून तिनं विचारलं, "तम्मा, कशी झाली होती रे हुग्गी?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. अशी हुग्गी पुन्हा झाली नाही, गावानं नाव काढलं, तुपाची धार, खसखस, केशरी रंग. अक्का माझ्याकडं बघत होती.

"पातळ झाली होती," मी म्हणालो. "आणि गूळ थोडा कमी पडला."

"अप्पांना पातळ चालायची न्हाय."

"नाही. आचाऱ्याला बोलले. पण दोन वाट्या खाल्ल्या."

"दोन?"

"दोन. दुसरी अर्धीच."

तिनं मान हलवली, जणू हिशेब जुळला. उठली, फळीवरची पिशवी काढली आणि तिच्यात लुगडं घालता घालता सासऱ्यांकडं न बघता म्हणाली, "मामंजी, परवा पुण्यस्मरण हाय. मी आजच तम्माबरोबर जाते. तुमी?"

सासरे पोत्यावरून उठायला गेले, गुडघ्यावर हात ठेवून थांबले, आणि मला म्हणाले, "म्या बी येतो. हात द्या की जरा. गुडघे कुटं वळत्यात आता."